निळ्या उजेडातली लाल तार

माझी मावशी हार्प वाजवायची. सत्तेचाळीस तारांचं, माणसाहून उंच असं ते धूड! लग्नाच्या वेळी मुलगा बघायला गेली की ती आधी त्याच्या घराचं दार मोजायची. पाच स्थळं अडीच बोटांनी हुकली. सहावा निघाला सुतार. त्याने मुकाट्याने चौकटच उखडली, आणि झाले आमचे काका. खोटं वाटत असेल, तर ती चौकट अजून माझ्या माळ्यावर आहे.

पुढे तीस वर्षं मावशी थिएटरच्या वाद्यवृंदात होती. काम काय? गप्प बसून आवर्तनं मोजायची. एकशे चाळीस झाली की बारा सूर वाजवायचे. एका रविवारी तिची मोजणी चुकली. नवा कंडक्टर म्हणाला, "बाई, पुढच्या खेळाला चुकलात तर हे बारा सूर मशीन वाजवेल."

पुढचा खेळ सुरू झाला, आणि विसाव्या आवर्तनाला सगळं निळं झालं. नवे दिवे! हार्पवर कुठला सूर कुठे, हे पांढऱ्या तारांमधल्या लाल आणि काळ्या तारांवरून कळतं. निळ्या उजेडात लालही काळीच.

काका नेहमीप्रमाणे हार्प उचलायला म्हणून मागे स्टुलावर बसलेले, कानामागे सुताराची पेन्सिल.

"अहो, लाल तारा गेल्या!"

"कुठे गेल्या?"

"दिसत नाहीत हो! सगळ्या काळ्या!"

काकांनी खिशातून खडू काढला. "सगळ्यात जाड तार लालच ना? तिथून दर सातवी मोज, वर लाकडावर खूण कर."

"अन् आवर्तनं कोण मोजणार?"

"मी."

"तुम्ही फळ्या मोजणारे!"

"फळी चुकली तर दार लागत नाही. चल, अठ्ठावीस झाली."

प्रत्येक आवर्तनाला काकांचं बोट तिच्या पाठीत, खिळा ठोकल्यासारखं. मावशीची तारांची मोजणी चुकली, खुणा पुसून पुन्हा पहिल्यापासून. बोटं खडूने माखली. शंभर. खडू मोडला. एकशे तीस. कंडक्टरची नजर वळली.

"झालं का?" काकांनी विचारलं.

"एक राहिली हो!"

एकशे एकोणचाळीसला तिने खूण मारली, उरलेला खडू तोंडात कोंबला आणि हात तारांवर ठेवले. बाराच्या बारा सूर जागच्या जागी! प्रत्येक सुरासरशी बोटांवरची भुकटी निळ्या उजेडात वर उडाली.

खेळ संपताच कंडक्टर आला. "सूर ठीक. पण तो धूर कसला?"

मावशीच्या तोंडात खडू. काका म्हणाले, "हार्प तापली की निघतो साहेब. मशीनमधून नाही निघणार."

"मग रोज पाहिजे!"

तेव्हापासून मावशीला दोन धास्त्या, आवर्तनं आणि खडू. काकांच्या कानामागची पेन्सिल मात्र कायमची गेली. तिथे खडू आला.