दोन भरल्या घागरी

मी रुळाचा तुकडा बोलतोय. हातभर लांबीचा, एका टोकाला भोक पाडलेला आणि दूध संस्थेच्या दारातल्या कडुलिंबाला साखळीनं टांगलेला. गावातले लोक मला घंटा म्हणतात. घंटा म्हणजे देवळातली, पितळेची, नटवी. मी तसला नाही. मी आगगाडीचं वजन पेललेलं लोखंड आहे. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? म्हणून मीही घंटा म्हणवून घेत आलो.

माझी उमेदीची वर्षं घाटनांदूर स्टेशनाच्या अलीकडे गेली, पाठीवरून डबे सोडण्यात. झिजलो तसं मला उपटलं, कापलं आणि भंगारात टाकलं. त्याच सुमाराला, बहात्तरचा दुष्काळ सोसून उठलेल्या या गावात सुंदरराव नावाच्या एका खटपट्या माणसानं दूध संस्था काढली होती. रान पिकलं नाही तरी म्हैस घर जगवते, असं ते सांगायचे. आता दूध वेळेवर जमा व्हायचं तर गावाला हाक घालणारं काहीतरी हवं. सुंदररावांनी मला भंगारातून उचललं, बैलगाडीत घातलं, इथं आणून टांगलं आणि संस्थेत नव्यानं लागलेल्या निवृत्तीच्या हातात हातोडा देऊन म्हणाले, "हाण."

पहिल्या ठोक्याला कुत्री भुंकली, म्हशींनी कान टवकारले, आणि खरं सांगायचं तर मीही दचकलो. जन्मभर गाडीच्या धडधडीखाली पडून होतो. मला स्वतःचा आवाज आहे हे मला तेव्हा कळलं.

निवृत्तीचा हात फार गोड होता. दुधाची वेळ झाली की तो संथ ठोके द्यायचा. पाण्याचा टँकर आला की एकसारखे. कुठं आग लागली, कुणाला पान लागलं म्हणजे साप चावला, कुणी विहिरीत पडलं, तर आडवेतिडवे, हात दुखेपर्यंत. चुलीपुढं बसलेल्या बायका नुसत्या आवाजावरून ओळखायच्या की दुधाची कासंडी घ्यायची, घागर घ्यायची की तसंच पळत सुटायचं.

टँकर या गावाला नवा नाही. दर दोनचार वर्षांनी पाऊस पाठ फिरवतो आणि टँकर माझ्या पायथ्याशी येऊन उभा राहतो. पण टँकर आला म्हणून लगेच पाणी सुटायचं नाही. निवृत्ती पाइप हातात धरायचा, रांगेवरून नजर फिरवायचा आणि विचारायचा, "कोण न्हाई?"

मग रांगेतूनच उत्तर यायचं. बद्रीनाथ न्हाई. छबुबाईच्या घरचं कोणी न्हाई. शेजारपाजारचं कुणीतरी जाऊन त्या दारात हाक मारून यायचं आणि मगच तोटी सुटायची. नुसती घागर रांगेत ठेवून चालायचं नाही, घागरीमागं माणूस दिसायला लागायचं. हा रिवाज कुणी ठराव करून पाडलेला नव्हता. ऊन डोक्यावर असायचं, टँकरवाला बोंबलायचा, कुणीतरी शिव्याही घालायचं. पण एका उन्हाळ्यात असंच कुणी हाक मारायला गेलं, तर बद्रीनाथ गोठ्यात निपचित पडलेला, पायाला सापाचे दात. लागलीच जीपमध्ये घालून नेला म्हणून तो आज नातवंडं खेळवतोय. तेव्हापासून कुणी कुरकुर केली नाही.

या रांगेत चतुराबाई नेहमी पुढं असायची. नवरा लवकर गेला. एकच मुलगा, उत्तरेश्वर, तो लांब साताऱ्याकडं एका साखर कारखान्यावर ट्रक चालवायला गेला. ही एकटी, एका म्हशीच्या जिवावर. दूध घालायला यायची तेव्हा उगीच एकदा माझ्या अंगावर हात फिरवायची. जत्रेतल्या बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. संस्थेत टेलिफोन आला तेव्हा उत्तरेश्वर आठवड्याला फोन करायचा. निवृत्ती पळत जाऊन तिला बोलावून आणायचा आणि ती दोन्ही हातांनी फोन कानाशी धरून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलायची. मला तो पोरगा कधी दिसत नव्हता, पण तो काय जेवला ते मला माहीत असायचं.

मग मोबाईल आले. आले तर आले. मी टेलिफोनाचा कधी द्वेष केला नाही, मोटारसायकलींचाही नाही. पण या काचेच्या तुकड्यानं माणसाची मान खाली पाडली ती पाडलीच. दुधाच्या रांगेत पूर्वी केवढा गलका असायचा. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून रुसली, कुणाच्या बोअरला काय लागलं, सगळं माझ्या सावलीत ठरायचं. आता रांग तेवढीच, पण सगळे मुके. मधूनच एखादा एकटाच हसतो आणि शेजारचा त्याला "काय झालं?" असंही विचारत नाही.

सगळ्यात वाईट वाटलं ते निवृत्तीचं. खोकल्यावरून माणूस ओळखणारा हा गडी. पोरानं मोबाईल घेऊन दिला तेव्हा आधी तो त्याला हातही लावायचा नाही. मग भजनं ऐकायला लागला. मग कुस्त्या. मग काय वाटेल ते, कुणी बाई लोणचं घालतेय, कुणी डोंगरावरून उडी मारतोय. दूध मोजता मोजता त्याचा अंगठा काचेवर सरकत राहायचा. कुणी काही विचारलं तर "हूं" म्हणायचा आणि घटकेनं "काय म्हणलास?" करायचा. डोळे लाल, झोप नाही, जेवणाकडं लक्ष नाही. माझ्याखाली बसलेला असूनही तो माझ्यापाशी नसायचा.

बंकट संस्थेचा चेअरमन झाला आणि त्यानं मोबाईलवर टँकरचा ग्रुप काढला. गाडी फाट्यावर आली की तिथं कळवायचं. ज्या घराला पाणी पाहिजे त्यानं हात जोडलेलं चित्र टाकायचं. ज्याचे हात आधी पडले त्याचा नंबर आधी. रांग नको, भांडण नको, उन्हात तिष्ठत बसणं नको. सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. निवृत्तीनं तेवढं विचारलं, "मग घंटेचं काय?"

"ऱ्हाऊ दे टांगलेली," बंकट म्हणाला. "पण वाजवू नगंस. पोरं अभ्यास करतात, लई कटकट व्हती."

कोणती पोरं अभ्यास करत होती, मला शेवटपर्यंत दिसली नाहीत. त्या दिवसापासून मी मुका झालो. लोखंडाचं दुःख हेच आहे, कुणी हाणल्याशिवाय त्याला बोलता येत नाही.

उत्तरेश्वरनं आईला चांगला मोठा मोबाईल पाठवला होता. पण चतुराबाईची बोटं शेणाकाड्यात घट्टे पडलेली, काच त्यांना जुमानेना. तिच्या घरात लाईटही धड टिकायची नाही, संस्थेत दूध तपासायच्या मशीनसाठी इन्व्हर्टर होता. म्हणून एक दिवस तिनं तो मोबाईल आणून निवृत्तीच्या टेबलावर ठेवला. "मला काय कळतंय त्यातलं? तूच दाबीत जा बाबा माझे बी. मला आपली तुझी घंटा बरी व्हती."

निवृत्तीनं मनापासून होकार दिला. टँकर आला की तो आधी आपले हात जोडायचा, मग लगेच तिच्या मोबाईलवरून तिचे. नंबर आला की तिच्या दोन घागरी भरून माझ्याखाली ठेवायचा आणि ती सवडीनं येऊन एकेक करून न्यायची. उपकारच तो. उत्तरेश्वरही त्या ग्रुपवर होता. एक दिवसाआड आईच्या नावानं हात जोडलेले दिसायचे. म्हणजे माय बरी आहे, पाणी मिळतंय. हळूहळू त्याचा फोन कमी झाला. सारख्या दिसणाऱ्या माणसाला कशाला फोन करायचा?

मागच्या उन्हाळ्यात चारा संपला आणि चतुराबाईची म्हैस छावणीला गेली. तिचं दुधाला येणंही थांबलं. आता ती फक्त पाण्याला यायची.

एका दिवशी टँकर आला. हात जोडले गेले. निवृत्तीनं एका हातात पाइप आणि एका हातात मोबाईल धरून घागरी भरल्या. चतुराबाईच्या दोन घागरी माझ्याखाली काठोकाठ भरून ठेवल्या. दुपार झाली, ती आली नाही. संध्याकाळ झाली, नाही आली. मी फांदीवरून त्या पाण्याकडं बघत होतो. दुसरा दिवस गेला. लोक येत होते, जात होते, घागरींना वळसा घालत होते. पाण्याला जीव टाकणारं गाव, पण परक्याच्या घागरीला कुणी हात लावला नाही, एवढा प्रामाणिकपणा अजून शिल्लक आहे. मान वर करून बघायची सवय तेवढी गेली होती.

तिसऱ्या दिवशी पुन्हा टँकर. निवृत्तीनं आपले हात जोडले, तिचे जोडले. मग घागरी भरायला गेला तर त्या भरलेल्याच. "म्हातारीकडं पाणी उरलंय वाटतं," असं पुटपुटत त्यानं त्या पायानं जरा बाजूला सरकवल्या आणि पुढचा नंबर घेतला.

तेव्हा मी काय तळमळलो म्हणून सांगू! वारा सुटावा, साखळी तुटावी, याच्या टाळक्यात पडावं, पण आवाज व्हावा. वारं मात्र पडलेलं होतं.

त्या दुपारी लाईट गेली. चतुराबाईच्या भिंतीला भिंत लागून राहणारी भामाबाई, तिचा मोबाईल मेला. मोबाईल मेला तसा वेळ जाईना, आणि वेळ जाईना तशी तिला शेजारीण आठवली. ती गप्पा मारायला म्हणून गेली.

चतुराबाई आतल्या खोलीत पडली होती. फळीवरचा डबा काढायला चढली आणि घसरली, मांडीचं हाड मोडलं. हलता येईना. दार ऊन नको म्हणून लोटून घेतलेलं. ओठ फुटलेले, पण जीव होता. भामाबाईनं तोंडात पाण्याचा थेंब सोडला तेव्हा ती एवढंच बोलली, "टँकर न्हाई का आला गं? घंटा न्हाई वाजली."

ग्लानीत ती जुन्या दिवसांत गेली होती. तिला वाटत होतं, घंटा वाजली की आपली जागा रिकामी दिसेल आणि कुणीतरी हाक मारायला येईल. त्या भरवशावर ती पडून राहिली होती. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेताना जीपमध्येच गेली.

माझ्या सावलीत बायका जमल्या तेव्हा भामाबाई डोक्याला हात लावून बसली होती. "कण्हल्यावानी कानावर आलतं मला," ती म्हणाली. "मला वाटलं मोबाईलमधलंच हाय काहीतरी. अन् ग्रुपवर तर तिचे हात जोडलेले दिसत व्हते की."

निवृत्ती संस्थेच्या पायरीवर बसला होता. टेबलावर चतुराबाईचा मोबाईल होता. बंकटनं ग्रुपवर तिच्या निधनाची बातमी टाकली, भावपूर्ण श्रद्धांजली. बघता बघता हात जोडले जाऊ लागले. सारं गाव जागच्या जागी बसून हात जोडत होतं. रडून डोळे सुजलेल्या निवृत्तीनंही आपले जोडले. आणि मग, रोजच्या सवयीनं, टेबलाकडं हात लांब करून तिच्या मोबाईलवरूनही जोडले. आपण काय केलं हे त्याला कळलंसुद्धा नाही. मला कळलं.

राख सावडून झाल्यावर उत्तरेश्वर मोबाईल न्यायला आला. ओरडला नाही, भांडला नाही. मोबाईल उघडून त्यानं निवृत्तीपुढं धरला.

"निवृत्तीकाका, माझ्या मायनं सवताच्या मरणाला बी हात जोडलेत."

निवृत्तीला आधी कळेना. मग कळलं तसा तो पांढराफटक पडला.

"ते बघितलं तवा मी गाडीत व्हतो," उत्तरेश्वर म्हणाला. "मला वाटलं, माय जिती हाय. बातमी चुकीची हाय. पार गावाच्या फाट्यापतुर मला तसंच वाटत व्हतं, काका."

एवढं बोलून तो निघून गेला. मग निवृत्ती आत गेला, कोपऱ्यातला हातोडा शोधून काढला आणि मला हाणायला लागला. आडवेतिडवे ठोके, जुने, संकटाचे. माझ्या अंगावरचा गंज उडून त्याच्या डोळ्यांत गेला तरी तो थांबेना.

कुणी आलं नाही. त्याच्या खिशातला मोबाईल मात्र थरथरायला लागला. गाव ग्रुपवर विचारत होतं, घंटा कोण वाजवतंय, काय झालं? कुणीतरी खाली हातही जोडले होते.

एकटी भामाबाई धावत आली. अनवाणी, पदर सावरत. धापा टाकत तिनं तोच जुना प्रश्न विचारला, "कोण न्हाई रं, निवृत्ती?"

निवृत्तीच्या हातून हातोडा गळून पडला.

मी अजून इथंच टांगलेला आहे. त्या दोन घागरी माझ्याखालीच आहेत. पाणी उन्हानं आटत आटत तळाला गेलं, पण त्या उचलून नेण्याचा धीर कुणाला होत नाही. निवृत्ती आता माझ्याकडं बघत नाही, आणि मोबाईलकडंही फारसं बघत नाही. मी गंजत चाललोय, त्याचं मला काही वाटत नाही, लोखंडाचं तेच व्हायचं असतं. तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमच्या दारातही पाणी येत असेल, दूध येत असेल, मोबाईलवर हात जोडले जात असतील. मला वाजवू नका वाटलं तर. पण तोटी सोडायच्या आधी मान वर करा, इकडंतिकडं बघा आणि एकदा तरी विचारा, कोण न्हाई?