शेवटच्या कडव्याची चौथी ओळ

तिने कवितेचे शेवटचे कडवे फळ्यावर उतरवले आणि चौथ्या ओळीच्या जागी खडूने नुसती आडवी रेघ मारली.

दिवा बारीक केला मी
दार हळूच लोटले
निजलास तू केव्हाच
————

बाहेर व्हरांड्यात बाळ रडत होते. नणंद त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. बाळंतपणासाठी कॉलेजची नोकरी सोडल्यानंतरची ही पहिलीच मुलाखत, आणि नेमकी दुधाची वेळ टळून गेलेली. तिने ओढणी पुढे ओढून घेतली.

“प्रत्येक ओळीत आठ अक्षरं,” ती समोरच्या दोघांना म्हणाली. “आधीच्या कडव्यांत चार-चार ओळी, इथे तीनच. साचा मुद्दाम मोडलाय. बाळ झोपलं, म्हणून आई गायची थांबली.”

विभागप्रमुख बाईंनी मान डोलावली. शेजारचे म्हातारे सर मात्र हातातले पुस्तक आणि तिला दिलेली झेरॉक्स आलटून पालटून बघत होते.

“बाई, मशीननं पान खालून खाल्लंय,” ते म्हणाले. “पुस्तकात चौथी ओळ आहे.” मग तिच्याकडे वळून, “रसग्रहण झकास केलंत हो मॅडम. नसलेल्या ओळीचं.”

बाई हसल्या नाहीत. “चूक आमची आहे. तुला दुसरी कविता देऊ. तयारीला अर्धा तास घे.”

दार किलकिले झाले. नणंदेचा घामेजलेला चेहरा आत डोकावला.

“वहिनी, हा बाटलीला तोंडच लावत नाहीये.”

“आलेच गं,” ती म्हणाली. दार लागले. तिने एकदा दाराकडे पाहिले, एकदा फळ्याकडे.

“दुसरी नको. ती ओळ सांगता का, सर?”

सरांनी बोट ठेवून वाचली. “तरी गाते मी अंगाई.”

तिने तळहाताने रेघ पुसली, आठ अक्षरे लिहिली. लिहिताना खडू मोडला.

“म्हणजे मी म्हटलं ते चुकलं. आई थांबलीच नाही. ओळी चार, अक्षरं आठ, सगळं जागच्या जागी.”

“मग आता बोलण्यासारखं उरलं काय?” सरांनी विचारले.

ती पुन्हा फळ्याकडे वळली.

“आधी ती बाळाला नीज, नीज म्हणते. इथे ऐकायला कुणी जागंच नाही. तरी ओळ पुरी होते. एक अक्षरसुद्धा तिला कमी करवत नाही.”

“का?”

बाहेरचे रडणे केव्हा थांबले ते तिला कळले नव्हते. तिचा उजवा हात टेबलावर आला होता आणि लाकडाला सावकाश थोपटत होता. तिच्या ते लक्षात आले. तिने हात मागे घेतला नाही.

“थांबली, तर त्या खोलीत ती एकटी उरेल,” ती म्हणाली.

सरांनी पुस्तकावरचे बोट उचलले नाही. बाईंनी पुढच्या प्रश्नांचा कागद उलटा करून ठेवला. थोपटणे तेवढे चालू राहिले.