कंग्राळीचा दूधभात

महायुद्धाचं तिसरं वर्ष लागलं तेव्हा बेळगावच्या महिला समितीला सैनिकांच्या पोरक्या मुलांची दया आली. त्याआधी दोन वर्षं समिती मोजे विणत होती. पण ते कुठल्याही मापाच्या पायात जात नाहीत, असं पलटणीनं नम्रपणे कळवलं होतं.

ज्यांचे बाप लढाईत पडले, त्या पोरांना दर गुरुवारी दूधभात द्यायचा ठरला. कोरडा शिधा दिला तर घरची थोरली माणसंच खातील, म्हणून शिजवलेलाच. वकील केशवरावांच्या पत्नी कल्याणीबाई यांच्या वाट्याला कंग्राळी गाव आलं, कारण त्यांचा टांगा घरचा होता.

पहिल्याच खेपेला घोळ झाला. कोण पडलं ते समितीला छावणीतून टेलिफोनवर कळे. घरी जायची ती तार, तीही सवडीनं. कल्याणीबाई डबा घेऊन जयाबाई या शिपायाच्या बायकोच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा ती जोंधळे पाखडत होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"भात कुनी धाडला म्हनायचा, बाईसाब?"

हिला माहीत असणार, असं समजून कल्याणीबाईंनी मान खाली घातली. जयाबाईच्या हातातलं सूप सुटलं. तार पुढच्या आठवड्यात आली.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी शिजवलेलं आणून घरच्यांना भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. तो आता टांग्यातून आणि तारेच्या आधी यायला लागला. आणखी एका घरी तसंच झालं, तेव्हा गावानं ठरवून टाकलं: तार नुसती सांगते, माणूस जातो तो भातानं. टांगा वळताना दिसला की कड्या लागत आणि बाया पोरांच्या तोंडावर पदर धरत.

कल्याणीबाईंनी कॉलेजात तर्कशास्त्र घेतलं होतं. "शुद्ध अडाणीपणा आहे हा," त्या टांगा हाकणाऱ्या शामूला म्हणाल्या.

"व्हय की," शामू म्हणाला, आणि डब्याला हात न लावता खाली उतरला.

दिवाळीनंतर तापाची साथ आली. धोंडूबाईची तीन वर्षांची बेबी उठून बसेना. म्हैस विकलेली, नाचणीची पेज पोरगी ओकून टाकत होती. तिचा बाप भरमा पलटणीत होता आणि जिवंत होता. पंधरवड्यापूर्वीच त्याचं पत्र आलं होतं.

"दोन घास घाल गं तिला. हातची जाईल पोर," कल्याणीबाई उंबऱ्याबाहेरून म्हणाल्या.

"तुमचा भात नगं, बाईसाब. हिचा बा हाय अजून."

"आहेच! म्हणून तर समितीचा नाही आणला. माझ्या घरचा आहे. मी स्वतः शिजवलाय."

"आनलासा टांग्यातनंच न्हवं?"

"उद्या चालत आणते."

"चालत आना, न्हायतर इमानातनं आना. भात त्योच."

कल्याणीबाईंनी डबा उंबऱ्यावर ठेवून उघडून दाखवला. एवढ्यात दुधाचा वास लागून पोरीनं डोळे उघडले आणि कितीतरी दिवसांनी आपण होऊन तोंड उघडलं.

धोंडूबाई तिच्याकडे बघत राहिली. मग उठली, हात धुतले, डबा ओढून घेतला. वाटीत भात काढून एकेक घास मऊ कुस्करून भरवू लागली. पोरीला उलटी झाली नाही. उंबऱ्याबाहेर कल्याणीबाईंना समितीपुढच्या भाषणाची सुरुवातही सुचली.

वाटी पोरीच्या हातात देऊन धोंडूबाई चौकटीपाशी गेली. आधी डावा हात आपटला, मग उजवा. बांगड्यांचे तुकडे कल्याणीबाईंच्या चपलेवर पडले. मग तिनं तळव्यानं कपाळ पुसलं.

"अगं, काय हे! भरमा जिवंत आहे!"

"व्हता," धोंडूबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "दोघांतलं एकच राखायचं व्हतं. राखलं. फुडल्या बेस्तरवारी बी आना, बाईसाब. पोरीला मानवला भात."

बांगड्या फुटल्याचा आवाज गल्लीनं बरोबर ओळखला. लागलेल्या कड्या निघाल्या. बाया आल्या त्या भरमाच्या नावानं गळा काढतच. कल्याणीबाई प्रत्येकीला सांगत होत्या, पत्र आलंय, त्याच्या हातचं पत्र आलंय. बाया त्यांना वळसा घालून आत जात होत्या.

त्या आकांतात बेबी भिंतीला टेकून बसली होती. तिनं वाटी चाटून पुसून काढली आणि कल्याणीबाईंपुढे धरली.

"आनि."

उंबऱ्याशी झाकून ठेवलेल्या डब्यात आणखी दोन घास होते. कल्याणीबाईंनी झाकण उघडलं, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.