ओडिलियाचं दुसरं नाव

इथे अमेरिकेत कोंबड्या कापायच्या कारखान्यात आम्हा बिनकागदांच्या ग्वातेमालावाल्यांपैकी फार थोडे स्वतःच्या नावानं कामाला असतात. माझी मावसबहीण ओडिलिया तिथे ब्रेंडा होती. धुलाईच्या दुकानाबाहेर एका चोरट्यानं तिच्या खांद्यात सुरा खुपसला. दवाखान्यात पोलिसानं नाव विचारलं, तेव्हा सवयीनं ती बोलून गेली, "ब्रेंडा." पुढे भीत भीत का होईना, ठाण्यात जाऊन तिनं चोरट्याला ओळखलंही.

आता वकीलबाई म्हणतात, "गुन्ह्यात जबर जखमी होऊन पोलिसांना मदत करणाऱ्याला इथे राहायचा व्हिसा मिळू शकतो. पण तक्रारीत जखमी आहे ती ब्रेंडा. ती तुम्हीच, हे सिद्ध करायचं तर खोट्या नावानं राबल्याचं आधी कबूल करावं लागेल."

माझं डोकंच फिरलं. "अहो बाई, चोर ओळखायला बरी चालली ही!"

"तू गप गं," ओडिलिया म्हणाली. मग दुखरा हात मांडीवर घेऊन ती वकीलबाईंना म्हणाली, "द्या व्हिसा ब्रेंडाला. फक्त थंडीत खांदा ठणकतो ना, तो ठणकाही तिलाच घेऊन जायला सांगा."