मागचा पंख

बायको चारुशीला गेल्याचा निरोप मुरुमच्या एसटीच्या कंडक्टरनं आणला. अंबादास मास्तर तेव्हा तुळजापुरात घराच्या ओसरीवर विमानाच्या मागच्या पंखाच्या कामट्या बांधत बसले होते. ती माहेरी बहिणीच्या लग्नाला गेली, तिथं ताप भरला आणि आटोपलं. "ऊन लई, मास्तर. तुमच्यासाठी थांबता आलं न्हाय. अग्नी देऊन टाकला," कंडक्टर म्हणाला आणि पाणीही न घेता निघून गेला.

कामट्यांचं हे छोटं विमान शाळेतल्या पोरांना उडवून दाखवायचं होतं. त्याला शेपूट नव्हतं. पुढं एक पंख, मागं तेवढाच दुसरा. थोरले भाऊ दत्तोपंत विचारायचे, "बिनशेपटाचं पाखरू कुठं पाहिलंस रे?" मास्तर समजावत, शेपूट नुसता तोल धरतं, इथं मागचा पंखही ओझं उचलतो. पुढचा जरा जास्त तिरपा बसवायचा. वेग कमी झाला की तो आधी कच खातो, नाक खाली जातं आणि विमान सावरतं.

चारुशीला हसायची. "पुढच्यानं कच खायची, मागच्यानं धरून ठेवायचं. आपल्या घरात दुसरं काय चाललंय?"

ओटीत येणारे पातळ खण, ज्यांची चोळी कुणी शिवत नाही, ते तिनं ट्रंकेत साठवले होते. त्यांनीच तिनं खळ लावून पुढचा पंख मढवला. "मागचा आल्यावर मढवते. तोवर उडवायचं नाही," असं बजावून ती एसटीत बसली होती.

मूलबाळ नव्हतं. दहाव्याला मास्तरांनीच ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून राहिले. अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा पुरी करू, असा शब्द द्यावा लागतो. दत्तोपंतांनी काशी कबूल केली. तिच्या भावानं धाकट्या बहिणीचं बाळंतपण कबूल केलं. एकही कावळा हलला नाही.

"अंबादास, विमानाचं बोल," दत्तोपंत म्हणाले. "तिचा जीव त्यात होता. उडवतो म्हण."

"मागचा पंख कशानं मढवू?"

"तिच्या खणांनी."

"ते तुमच्या घरात आहेत, दादा."

सवाष्ण गेली, तिचे खण भाग्याचे, म्हणून वहिनींनी ट्रंक उघडून ते भाऊबंदांतल्या बायकांना वाटले होते. उरलेले स्वतः ठेवले होते. मास्तर आतल्या खोलीत होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"बायकांचं काय घेऊन बसलास? दुसरं कापड आण. आत्ता नुसतं तोंडानं म्हण. लोक उपाशी खोळंबलेत."

"ती असताना तिच्याशी खोटं बोललो नाही. आता कावळ्यासाठी बोलू?"

"मग बस इथंच!"

दत्तोपंतांनी भटजींना खूण केली. भटजींनी दर्भाचा कावळा वळला आणि त्याची चोच पिंडाला टेकवली. त्याला पंखसुद्धा नव्हते, तरी तो सगळ्यांना चालला. लोक धोतरं झटकत उठले.

पुढं मास्तर खण मागायला गेले. वहिनी म्हणाल्या, "ओटीचे खण कुठं घरात राहतात, भावजी? गेले ते या ओटीतून त्या ओटीत."

विमान ओसरीच्या तुळईला टांगलेलं आहे. मागच्या पंखाच्या कामट्या बांधून झाल्या आहेत. तो मढवायचा राहिला आहे.