सासऱ्यांच्या फासळ्या

चित्रकाराला मरणाचं भारी वेड. अर्थात दुसऱ्याच्या. स्वतःला नुसती सर्दी झाली तरी तो दोन डॉक्टर गाठायचा. पण कॅनव्हासवर कवट्या, मणके, खुब्याची हाडं अशी काढायचा की लोक म्हणत, याने मरणाशी दोस्ती केली आहे. खरी दोस्ती होती ती खोलीतल्या प्लास्टिकच्या सांगाड्याशी.

यंदाच्या प्रदर्शनाचं मुख्य चित्र मात्र सांगाड्यावरून जमेना. हाडांवर झिजत चाललेलं कातडं हवं होतं. तेवढ्यात बायको आजारी वडिलांना घरी घेऊन आली. सासरे अंथरुणाला खिळलेले, फासळ्या मोजून घ्याव्यात इतके वाळलेले. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं जावयाचं झालं.

आजवर ज्याने सासऱ्यांना ‘बरं आहे ना?’ यापलीकडे काही विचारलं नव्हतं, तो रोज सकाळी त्यांच्या पलंगापाशी स्टूल आणि रंग घेऊन बसू लागला. सासऱ्यांना वाटलं, चित्र हे निमित्त, जावई गप्पा मारायलाच येतो. ते बोलू लागले. बोलून बोलून त्यांना भूक लागू लागली. हळूहळू ते उशीला टेकून बसले, दुसऱ्यांदा वाढून घेऊ लागले.

“बाबा तुझ्यामुळे उठून बसले रे,” बायको डोळे पुसत म्हणाली.

चित्रकाराची नजर पलंगाकडे गेली. सासऱ्यांच्या गळ्याच्या हाडामागचा खळगा भरत चालला होता. फासळ्या तर बुजल्याच. चित्र अर्धवट, प्रदर्शन तोंडावर, आणि मरण बसलंय उकडलेली अंडी खात.

“त्यांचं रात्रीचं दूध बंद करू या का? या वयात जड पडतं,” तो स्वयंपाकघरात येऊन अगदी सहज सुचल्यासारखं म्हणाला.

बायकोने आधी दारातून दिसणाऱ्या कॅनव्हासकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “माझा बाप आहे तो,” ती म्हणाली आणि दुधात एक चमचा साखर जास्त घातली. स्वयंपाकघरातलं हे बोलणं पलंगापर्यंत सहज ऐकू जात होतं.

दुसऱ्या दिवशी चित्रकार स्टूल घेऊन गेला, तर सासरे सदरा काढून बसलेले. पोट आत ओढलेलं, चेहरा लालबुंद. फासळ्या पुन्हा वर आल्या होत्या.

“दिसतात का, जावईबापू?” ते कसंबसं म्हणाले. “लवकर काढा. फार वेळ धरवत नाही मला.”

चित्रकाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अगदी खरोखर झालं. पण तोवर त्याचा हात ब्रशाकडे गेला होता, आणि उजेडही छान पडला होता.