गाठ धरलेला ऐन

मी एक जुना ऐन आहे, मित्रांनो, आणि माझे अंग बघण्यासारखे नाही हे मला कुणी सांगायला नको. साल काळी, भेगाळलेली, मगरीच्या पाठीसारखी. खालच्या फांदीवर कलिंगडाएवढी गाठ. येणारे-जाणारे म्हणतात, झाड रोगट आहे. म्हणोत बापडे. त्या गाठीत काय आहे ते त्यांना ठाऊक नाही.

बोईसरच्या पूर्वेला डोंगर सुरू होतात, तिथे दोन भातखाचरांच्या मधल्या बांधावर मी उभा आहे. एका अंगाला जिवल्याचे खाचर, दुसऱ्या अंगाला त्याचा चुलतभाऊ गोमा याचे. दोघांच्या हद्दीची खूण मीच. मला कुणी लावले नाही. वाऱ्याने बी आणून टाकले आणि मी राहिलो. सागासारखी माझी बडदास्त कुणी ठेवली नाही, आणि मीही कुणाच्या तोंडाकडे पाहिले नाही.

पण माझ्या सालीचाही एक काळ होता. तेव्हा मासेमारीची जाळी सुती असत, आणि ऐनाच्या सालीच्या उकळत्या तांबड्या पाण्यात बुडवल्यावाचून ती खाऱ्या पाण्यात टिकत नसत. पश्चिमेला दांडीच्या किनाऱ्यावरून मासेवाली हंसाबाय सुक्या बोंबलांची टोपली घेऊन येई. जिवल्याची बायको ठमी कोयत्याने माझी साल काढून देई आणि बोंबील ठेवून घेई. हंसाबायचे डोळे सालीवर आणि तोंड ठमीवर.

"ठमे, उभी पट्टी काढ. गोल फिरवलीस तर मरंल तो."

"माझा ऐन हाय. मला नको शिकवू."

"ऐन तुझा, जाळी माझी. हाताएवढी पट्टी घे, बाकी राहू दे त्याच्या अंगावर."

दुखे. पण जखमा भरून येत आणि गुळगुळीत उभे वण राहत. मी समुद्र कधी पाहिला नाही. माझी साल मात्र तिथे गेली होती. दुपारी डोळा लागला की माझ्या खोडात लाटा हलत. मला वाटे, मी पाण्याखाली दूरवर पसरलो आहे, तांबडा आणि मऊ, आणि माझ्या बोटांमधून चांदीचे मासे सावकाश जात आहेत.

मग एकदा हंसाबाय निळ्या दोरीचे वेटोळे घेऊन आली.

"आता नायलॉनची जाळी आली, ठमे. तिला साल लागत नाय, ती कुजतपन नाय. हा दोर घे. पोरीची झोळी बांध."

"मंग तू येनार नाय?"

"कशाला येऊ? तुझं तोंड बगायला?" असे म्हणाली खरी, पण रिकामी टोपली उचलायला तिने फार वेळ लावला.

ठमीची चिमी तेव्हा तान्ही होती. ठमीने ती निळी दोरी माझ्या खालच्या फांदीला बांधली, लुगड्याची झोळी केली आणि ती लावणीला चिखलात उतरली. वारा नसला तरी मी फांदी हलवून बघे. हलली असेल की नाही, कोण जाणे. पोर झोपे एवढे खरे.

दिवाळी झाली की जिवल्या, ठमी आणि पोर वीटभट्टीवर जात आणि पावसाआधी परतत. एका साली ती परतलीच नाहीत. झोळी वाऱ्याने नेली, दोरी राहिली. मी जाड होत गेलो तशी ती रुतत गेली. माझ्या सालीने तिला हळूहळू पोटात घेतले. त्यात मला रोग लागला. काळा चीक वाहिला, अंगावर खपल्या चढल्या, हंसाबायचे उभे वण झाकून गेले. सरावली गावाकडून कारखान्याचा भोंगा ऐकू येऊ लागला. बांध पावसाने सपाट केले. गोमाचा नांगर मला ओलांडून जिवल्याच्या अर्ध्या खाचरापर्यंत गेला. तिथे एक धाकटा ऐन उभा होता.

बऱ्याच वर्षांनी परतल्या त्या दोघी मायलेकी. जिवल्या भट्टीवरच तापाने गेला होता. चैत्र होता, आमच्या अंगावर पान नव्हते. अशा दिवसांत ऐन ओळखायचा तो सालीवरून, आणि माझी साल मलाच ओळखू येत नव्हती.

गोमा म्हणाला, "वैनी, तुमचा ऐन तो पलीकडला. हा रोगट माझ्या खाचरातला." मुद्दाम म्हणाला की खरेच विसरला होता, ते मला अजून कळलेले नाही.

ठमीने माझ्या अंगावरून हात फिरवला. "माझ्या ऐनाला उभे वन होते. ह्याला नाय." ती धाकट्याकडे गेली. तिथे बैलांनी अंग घासून घासून एक उभा गुळगुळीत पट्टा केला होता. ठमी म्हणाली, "हाच असंल."

हद्द तिथे धरली की अर्धे खाचर गेले, मित्रांनो.

तेवढ्यात चिमी म्हणाली, "आये, मंग माझी झोळी कुठं बांदायचीस?"

ठमीने सवयीने हात वर केला. त्या झाडाची फांदी तिच्या हाताला लागेना. ती माझ्याकडे आली, डोळे मिटले आणि पुन्हा हात वर केला. हात गाठीवर पडला. तिने कोयत्याने गाठीची कड तासली. आतून निळा धागा निघाला, काल बांधल्यासारखा.

गोमाने तो धागा बोटाने चाचपला. "हंसाबायचा दोर," तो म्हणाला. "उद्या बांध घालू."

"उद्या कशाला? कुदळ आन."

आता माझ्या दुसऱ्या फांदीला चिमीच्या लेकराची झोळी असते. दोरीखाली ती गोणपाट घालते आणि घरी जाताना गाठ सोडते. तुम्हीही झाडाला काही बांधलेत तर काम झाल्यावर सोडत जा. माझी न सोडलेली दोरी कामी आली, पण रुतताना ती दुखलीच. आणि झाडाच्या अंगावर गाठ दिसली की नाक मुरडून पुढे जाऊ नका. आधी हात लावून बघा.

दुपारी ते लेकरू झोपते, माझाही डोळा लागतो. गाठीतली दोरी किंचित ताणते, खोडात लाटा हलू लागतात, आणि आम्ही दोघे पाण्याखाली जातो.